भाडेकरूचे छत, घरमालकाच्या भिंती

गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावरची एक खोली डोळ्यांसमोर आणा. चाळीस वर्षे तिच्यात एक कुटुंब भाड्याने राहते आहे. कर्ता माणूस आता हयात नाही. मागे त्याची बायको आणि शिकणारी मुलगी आहे. चाळीचा मालक त्याच चाळीत तळमजल्यावर दोन खोल्यांत राहतो. त्याच्या मुलाचे लग्न ठरले आहे आणि नव्या जोडप्याला राहायला जागा नाही. मालक म्हणतो, खोली माझ्या आजोबांनी बांधली, आज मला तिची गरज आहे, ती मला परत द्या. भाडेकरू बाई म्हणतात, एका महिन्याचेही भाडे मी थकवलेले नाही, या वयात मुलीला घेऊन मी जाऊ कुठे?

ही माणसे काल्पनिक आहेत, दावा मात्र काल्पनिक नाही. मुंबईत धोबी तलावाजवळच्या लघुवाद न्यायालयात असे दावे पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. आजोबांनी लावलेला दावा नातवाने पुढे चालवल्याची उदाहरणे तिथल्या वकिलांना नवी नाहीत. या दाव्यात खोटे कुणीच बोलत नाही. दोघांचीही गरज खरी आहे आणि दोघांकडेही हक्क म्हणावे असे काहीतरी आहे. खोली मात्र एकच आहे.

कायदा म्हटले की आपल्या मनात पोलीस, गुन्हा आणि शिक्षा येते. चोर आणि ज्याच्याकडे चोरी झाली तो, यांच्यात कुणाची बाजू घ्यायची हे ठरवायला फार विचार लागत नाही. कायद्याची खरी कसोटी लागते ती दोन्ही बाजू बरोबर असतात तेव्हा. समाजात बहुतेक भांडणे याच जातीची असतात. कारखान्याला पाणी हवे असते आणि शेतालाही. फेरीवाल्याला पोट भरायचे असते आणि पादचाऱ्याला चालायला वाट हवी असते. अशा वेळी कायदा काय करतो, कसे करतो आणि कुठे चुकतो, हे समजून घ्यायला मुंबईच्या भाडेनियंत्रणासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. शंभराहून अधिक वर्षांचा हा प्रयोग लाखो कुटुंबांच्या डोक्यावरच्या छताशी बांधलेला आहे.

भाडे गोठले ते का?

पहिल्या महायुद्धात मुंबईत वस्तूंच्या किमती चढल्या, बांधकामे मंदावली आणि गिरण्यांत कामाला येणाऱ्यांची गर्दी चालूच राहिली. मागणी वाढली आणि खोल्या तेवढ्याच, तेव्हा मालक मागेल ते भाडे देण्यावाचून कामगाराला गत्यंतर राहिले नाही. 1918 साली मुंबई इलाख्यात भाड्यावर पहिले कायदेशीर बंधन आले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तीच परिस्थिती अधिक तीव्र झाली. 1939 आणि 1944 साली पुन्हा कायदे झाले. मग फाळणी झाली आणि निर्वासितांची कुटुंबे शहरात आली. 1941 ते 1951 या दहा वर्षांत बृहन्मुंबईची लोकसंख्या दीडपटीहून अधिक झाली.

या पार्श्वभूमीवर 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि फेब्रुवारी 1948 पासून तो अमलात आला. त्याचे मर्म दोन कलमांत सांगता येते. पहिले, भाडे किती घ्यायचे. 1 सप्टेंबर 1940 रोजी जागेचे जे भाडे होते तेच तिचे प्रमाण भाडे. त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने दिलेल्या जागेला पहिल्या वेळचे भाडे हेच प्रमाण. कर वाढला किंवा जागेत मोठी सुधारणा केली, तर ठरावीक वाढ घेता येई. बाकी भाडे तिथेच थांबले. दुसरे, घर कधी सोडायला लावायचे. भाडेकरू प्रमाण भाडे देत असेल आणि कराराच्या अटी पाळत असेल, तर मालकाला वाटले म्हणून त्याला काढता येणार नाही. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांना ते संरक्षण पुढे मिळेल. मालकाने पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला हैराण करायचे नाही, हेही कायद्याने बजावले.

त्या काळी हा कायदा न्याय्य होता, असे मी निःशंकपणे म्हणेन. टंचाईच्या दिवसांत घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला करार नावापुरताच खुला असतो. एकाच्या हातात किल्ली असते आणि दुसऱ्याच्या मागे बायकामुले व बोचकी असतात. हा करार त्या दोघांवर सोडून देणे म्हणजे बलवानाच्या बाजूने उभे राहणेच होते. कायद्याने दुबळ्याच्या बाजूला आपले वजन टाकले. गिरणगाव, गिरगाव, दादर, परळ इथल्या लाखो कामगारांची आणि कारकुनांची मुले शिकली, ती या स्थिर छपराखाली. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांतही हेच घडले. मराठी मध्यमवर्गाच्या घडणीत या कायद्याचा वाटा मोठा आहे आणि त्याबद्दल कृतज्ञ असायला हवे.

जास्त हाल कुणाचे?

आता आपल्या खोलीकडे परत येऊ. मालकाला स्वतःच्या वापरासाठी जागा खरोखर हवी असेल तर तो ताबा मागू शकतो, ही सोय 1947 च्या कायद्यातच होती. पण गरज सिद्ध केली की काम संपले, असे नव्हते. कायद्याने न्यायाधीशाला पुढचा प्रश्न विचारायला लावला होता: ताबा देण्याने भाडेकरूचे जे हाल होतील ते अधिक, की ताबा न देण्याने मालकाचे होतील ते अधिक? दोघांपैकी कुणाला दुसरी योग्य जागा मिळण्यासारखी आहे, हेही बघायचे. भाडेकरूचे हाल अधिक ठरले तर मालकाची गरज खरी असूनही हुकूमनामा नाही.

हे कलम साधे दिसते, पण न्यायाधीशाला ते खऱ्याखुऱ्या घरात नेऊन सोडते. घरात माणसे किती, त्यांची वये काय, कमाई किती, मुलीची शाळा किती लांब, म्हाताऱ्याला जिना चढवतो का, मालकाची उपनगरात दुसरी जागा आहे का, या सगळ्यांची चौकशी होते. कुणाचा हक्क मोठा हे पुस्तकातून ठरत नाही. ते या विशिष्ट माणसांच्या परिस्थितीवरून ठरते.

त्याच कलमात आणखी एक सोय आहे आणि ती मला या सबंध कायद्यातली सर्वात शहाणी वाटते. जागेचा काही भाग मालकाला देऊन आणि उरलेला भाडेकरूकडे ठेवून कुणाचेच हाल होत नसतील, तर न्यायालयाने तेवढ्याच भागाचा ताबा द्यावा. भाडेकरूकडे एकाऐवजी तीन खोल्या असतील, तर एक मालकाच्या मुलाला देऊन दोन्ही संसार चालू शकतात. एकाचा पूर्ण विजय आणि दुसऱ्याचा पूर्ण पराभव टाळता येत असेल तर टाळा, हा आदेश कायद्याने स्वतः न्यायाधीशाला दिला. आजच्या कायद्यातही ही तरतूद तशीच आहे.

अमेरिकेतले कायदेपंडित रॉस्को पाउंड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाच विचार सिद्धान्ताच्या रूपाने मांडला. हार्वर्डच्या विधिविद्यालयाचे ते वीस वर्षे प्रमुख होते. माणसांच्या मागण्या अनंत असतात आणि त्या पुरवण्याची साधने थोडी. कमीत कमी घर्षणात आणि कमीत कमी नासाडीत जास्तीत जास्त मागण्या पुऱ्या व्हाव्यात अशी व्यवस्था लावणे हे कायद्याचे काम, असे ते म्हणत. त्यांनी एक इशाराही दिला होता. दोन हितसंबंध तोलायचे असतील तर ते एकाच पातळीवर आणून तोला. एकाची मागणी 'व्यक्तीची' म्हणून मांडली आणि दुसऱ्याची 'समाजाची' म्हणून, तर तोलण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. मुंबईत पुढे जे झाले ते समजायला हा इशारा उपयोगी पडतो. भाडेकरूचे हित हे समाजाचे हित मानले गेले आणि मालकाचे हित ही एका माणसाची हाव मानली गेली. पण मालक इमारत सांभाळतो की नाही, यातही समाजाचे हित होते. ते मोजायचे राहून गेले.

गोठलेल्या भाड्याचा हिशेब

कायदा मुळात तात्पुरता होता. त्याला मुदत होती आणि ती संपत आली की विधिमंडळ ती वाढवून देत असे. मुदती वाढत राहिल्या, पण भाडे 1940 च्या आकड्याशीच बांधलेले राहिले. दरम्यान विटा, सिमेंट, लाकूड, गवंड्याची मजुरी, सगळ्यांचे भाव अनेक पटींनी वाढले.

एक हिशेब करून पाहा. चाळीत वीस खोल्या आहेत आणि दर खोलीला महिना वीस रुपये भाडे आहे असे मानू. मालकाला महिन्याला चारशे रुपये मिळतात. त्यातून महापालिकेचे देणे, सफाई, पाण्याचा पंप आणि मेहताजीचा पगार भागवायचा. 1950 साली हे जमत असेल. 1980 साली त्याच पैशांत गळके छप्परही नीट करता येत नाही. दुरुस्ती करणे ही कायद्याने मालकाची जबाबदारी होती, पण ती पार पाडण्याचे साधन त्याच कायद्याने त्याच्याकडून काढून घेतले होते. काही मालक मुळातच निष्काळजी होते, तर काहींनी इमारत मोडकळीस येण्याची वाटच पाहिली, कारण ती पडली की भाडेकरूही जातील. कारण काहीही असो, लाकडी तुळया कुजत राहिल्या.

कायद्याने जो पैसा उघड मार्गाने येऊ दिला नाही, तो आडमार्गाने आला. जागा सोडणारा भाडेकरू नव्या भाडेकरूकडून मोठी रक्कम घेऊ लागला आणि तिच्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला देऊन भाडेपावती नव्या नावावर करून घेऊ लागला. हीच पागडी. ती घेणे गुन्हा होता, तरी सारी मुंबई ती घेत आणि देत होती. व्यवहार रोखीत होई आणि लेखी पुरावा काही नसे. प्रामाणिक माणसालाही घर मिळवण्यासाठी कायदा मोडावा लागे. ज्या कायद्याचे पालन करून जगताच येत नाही, तो कायदा लोकांना सगळ्याच कायद्यांचा अनादर करायला शिकवतो. भाडेनियंत्रणाने केलेले हे नुकसान रुपयांत मोजता येत नाही.

सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा न वापरणे हे ताबा गमावण्याचे एक कारण होते. म्हणून डोंबिवलीला किंवा विरारला राहायला गेलेली कुटुंबे मूळ खोलीला कुलूप लावून ठेवीत, अधूनमधून येऊन दिवा लावीत आणि विजेचे बिल जपून ठेवीत. कोर्टात पुरावा म्हणून ते कामी येई. ज्या टंचाईवर उपाय म्हणून कायदा आला, त्याच टंचाईत शेकडो खोल्या कुलूपबंद राहिल्या.

शासनाला हे दिसत नव्हते असे नाही. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या तेव्हा 1969 साली मुंबईच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्ती व पुनर्रचनेसाठी स्वतंत्र कायदा झाला. उपकर लावायचा आणि त्या पैशातून दुरुस्ती मंडळाने इमारती दुरुस्त करायच्या, अशी योजना होती. शहर बेटावरच्या 19,642 इमारती तिच्याखाली आल्या. त्यांतल्या 16,502 या 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या होत्या. पुढे हे मंडळ म्हाडाचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा, भाग झाले. कल्पना योग्य होती, कारण मालकावर टाकलेला भार पहिल्यांदाच अनेकांत वाटला गेला. पण इमारतींचे वय उपकराच्या वसुलीपेक्षा वेगाने वाढत गेले. ज्यांच्या इमारती दुरुस्तीपलीकडे गेल्या त्यांना संक्रमण शिबिरांत पाठवले गेले आणि त्यांच्यातल्या अनेकांचे आयुष्य त्या 'तात्पुरत्या' खोल्यांतच गेले.

कोर्टात हजर नसलेले पक्षकार

घरमालक आणि भाडेकरू हे दोन पक्ष आपल्याला दिसतात, कारण कोर्टात तेच उभे असतात. पण या भांडणात आणखी काही पक्षकार आहेत. त्यांच्या वतीने कुणी वकीलपत्र दाखल करत नाही.

पहिला पक्षकार शहर स्वतः. मुंबई महापालिकेचा मालमत्ता कर कित्येक दशके इमारतीपासून मिळू शकणाऱ्या भाड्यावर आकारला जाई. भाडे कायद्याने बांधलेले असले तर करासाठीही त्याहून अधिक भाडे धरता येणार नाही, असे न्यायालयांनी ठरवले होते. म्हणजे भाडे गोठले तसा त्या इमारतींचा करही गोठला. 2010 पासून मुंबईत भांडवली मूल्यावर कर आकारण्याची पद्धत आली. तोपर्यंत शहराच्या सर्वात जुन्या आणि मोक्याच्या भागातल्या जमिनींकडून रस्ते, पाणी आणि शाळांसाठी हवे तेवढे उत्पन्न आलेच नाही.

दुसरा पक्षकार म्हणजे उद्या शहरात येणारा माणूस. 1947 नंतर भाड्याने देण्यासाठी चाळ बांधणे शहाणपणाचे राहिले नाही. भाडे वाढणार नाही आणि जागा परत मिळेल की नाही याची खात्री नाही, तर बांधेल कोण? ज्यांच्याकडे रिकामी जागा होती त्यांनी लिव्ह अँड लायसन्सचा मार्ग काढला, म्हणजे भाडेकरार करायचा नाही, फक्त वापरायची परवानगी द्यायची. 1973 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी अशा परवान्यावर राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्या लोकांना दिलासा मिळाला, पण बाकीच्या मालकांनी त्यातून एकच धडा घेतला: जागा रिकामी ठेवा, पण कुणाला देऊ नका. 2017-18 च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणी अहवालाने 2011 च्या जनगणनेचा आधार घेऊन सांगितले की मुंबईत सुमारे 4 लाख 80 हजार घरे रिकामी होती, देशातल्या कोणत्याही शहरापेक्षा अधिक. त्याच शहरात लाखो माणसे झोपडपट्टीत राहत होती. आत असलेल्याला संरक्षण मिळाले आणि बाहेरच्यासाठी दार बंद झाले. बाहेरचा माणूस अधिक गरीब होता, पण त्याचे नाव कुठल्याच भाडेपावतीवर नव्हते.

तिसरा पक्षकार म्हणजे मोडकळीस आलेल्या इमारतीत आणि तिच्या शेजारी जीव मुठीत धरून राहणारे. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडी बाजारातली शंभरी ओलांडलेली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली गेली. मालक, भाडेकरू, म्हाडा, विकासक यांच्यात कुणाचे काय चुकले यावर पुढे चौकशा होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. पण ज्या शहरात दर पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध होते आणि तरी रहिवासी तिथेच राहतात, तिथे हितसंबंधांचे संतुलन साधले गेले, असे कुणालाच म्हणता येणार नाही. जागा सोडली तर हक्क जाईल या भीतीने माणसे पडक्या घरात थांबतात. त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे.

काळाने बदललेला न्याय

मुंबईच्या काही घरमालकांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्याचा निकाल डिसेंबर 1997 मध्ये लागला. न्यायालयाचे म्हणणे असे होते: 1947 चा कायदा केला तेव्हा तो वाजवी होता. पण एखादा कायदा जन्मतः योग्य असला तरी काळ बदलल्यावर अवाजवी आणि मनमानी ठरू शकतो. भाडे अर्धशतक गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी आता तशा झाल्या आहेत. न्यायालयाने त्या लगेच रद्द केल्या नाहीत, कारण कायद्याची मुदत 31 मार्च 1998 ला संपत होती आणि नवा कायदा विचाराधीन होता. पण जुनाच कायदा तसाच पुढे ढकलला तर तो टिकणार नाही, हा इशारा स्पष्ट होता.

त्या निकालपत्रातला एक विचार प्रत्येक आमदाराने वाचावा असा आहे. सामाजिक कायद्यांकडे न्यायालये आदराने पाहतात, कारण विधिमंडळ समाजाच्या सगळ्या थरांचे म्हणणे ऐकून कायदा करते, असे गृहीत धरलेले असते. ज्यांचा आवाज मोठा आहे त्यांनाच वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले, तर विधिमंडळ आपली जबाबदारीच टाकून देते. मुंबईत भाडेकरूंची संख्या मोठी होती आणि मालकांची थोडी. मतांचा हिशेब सोपा होता. म्हणूनच कायदा वारंवार वाढवला गेला, पण पुन्हा तोलला गेला नाही.

नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 साली झाला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. तोवर राज्यात तीन वेगळे कायदे चालत: पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा आणि मराठवाड्यात हैदराबादचा. ते एकत्र आले. भाड्यात दर वर्षी 4 टक्के वाढ करायची मुभा मिळाली. पागडीला कायद्याने मान्यता मिळाली आणि चोरटा व्यवहार उजेडात आला. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि 1 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडेकरू म्हणून मिळणारे संरक्षण काढून घेतले गेले. ज्याला स्वतःचा बचाव करता येतो त्याला कायद्याची ढाल कशाला? भाडे थकले तर मालकाने 90 दिवसांची नोटीस द्यायची, आणि दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी 15 टक्के व्याजासह भरणाऱ्याचे घर वाचते. मालकाला त्याचा पैसा मिळतो आणि भाडेकरूला सावरायला वेळ मिळतो. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की जागा परत मिळेल, याची हमी मालकाला मिळाली. आज मुंबई-पुण्यात नोकरीसाठी येणाऱ्या तरुणाला जी भाड्याची घरे मिळतात, ती बहुतांशी या हमीमुळे.

तरी जुन्या चाळीचा प्रश्न सुटला नाही. शंभर रुपये भाडे दर वर्षी 4 टक्क्यांनी, तेही चक्रवाढीने वाढले असे धरले, तरी पंचवीस वर्षांनी ते 267 रुपयांच्या आसपास जाते. एवढ्या पैशात इमारत उभी राहत नाही. म्हणून भर पुनर्विकासावर आला: जादा चटईक्षेत्र द्यायचे, त्यातून विकासकाने जुन्या रहिवाशांना फुकट घरे बांधून द्यायची आणि उरलेली विकून नफा कमवायचा. जिथे जमिनीला भाव आहे तिथे हे चालते. जिथे नाही, किंवा जिथे विकासकाने काम अर्धवट टाकले, तिथे रहिवासी आणि मालक दोघेही रस्त्यावर येतात.

समाजाची संपत्ती कुठली?

याच चाळींतून देशाच्या घटनेचा एक मोठा प्रश्न पुढे आला. 1986 साली म्हाडा कायद्यात एक प्रकरण घातले गेले. उपकरप्राप्त इमारतीतल्या भाडेकरूंनी सहकारी संस्था स्थापून मागणी केली, तर शासन ती इमारत संपादन करून त्यांना देऊ शकेल आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मिळेल. मघाच्या चाळीत महिना चारशे रुपये येत असतील, तर साऱ्या इमारतीचे चाळीस हजार रुपये! मालकांच्या संघटनेने याला आव्हान दिले. संविधानाच्या अनुच्छेद 39(ब) नुसार समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हितासाठी व्हावी असे धोरण राज्याने ठेवायचे आहे. मग खासगी माणसाची इमारत ही समाजाची साधनसंपत्ती आहे का?

हा प्रश्न वाढत वाढत नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला आणि 5 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल आला. बहुमताने न्यायालयाने सांगितले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती होत नाही. पण कुठलीच होत नाही, असेही नाही. ती वस्तू कशा स्वरूपाची आहे, तिचा समाजाच्या कल्याणाशी किती संबंध आहे, ती किती दुर्मीळ आहे आणि थोड्यांच्या हाती एकवटली तर काय होईल, हे पाहून ठरवायचे. एका न्यायमूर्तींनी याच्याशी पूर्ण असहमती नोंदवली. बहुमताचे उत्तर अनेकांना अर्धवट वाटले. मला ते योग्य वाटते, कारण हक्क आणि समाजहित यांपैकी एकाला कायमचे वर आणि दुसऱ्याला कायमचे खाली बसवायला त्याने नकार दिला.

त्याआधी 2022 साली राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या म्हाडा कायद्याच्या दुरुस्तीतही अशीच क्रमवार वाट आखलेली दिसते. धोकादायक ठरलेल्या उपकरप्राप्त इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव आणायला आधी सहा महिने, त्याने तो आणला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, आणि त्यांनाही जमले नाही तर म्हाडाने इमारत हाती घ्यायची. पहिला मान मालकाचा, पण जीव धोक्यात असताना अडून राहण्याचा अधिकार कुणालाच नाही.

या इतिहासातून काय शिकायचे?

तीन गोष्टी. पहिली, दुबळ्याच्या संरक्षणाचा खर्च कुणीतरी भरतच असतो. तो एकाच माणसाच्या खिशातून काढला, तर तो माणूस आडवाटा शोधतो आणि शेवटी संरक्षणच कोसळते. भाडेकरूला घर मिळणे ही समाजाची जबाबदारी असेल, तर तिचा भार सगळ्या समाजाने करातून उचलला पाहिजे. दुसरी, तोलताना हजर नसलेल्यांचीही मोजदाद करा: उद्या येणाऱ्यांची, शेजाऱ्यांची, शहराची. तिसरी, एकदा साधलेले संतुलन कायम टिकत नाही. किमती, लोकसंख्या आणि गरजा बदलल्या की पुन्हा तोलावे लागते. रुपयाच्या आकड्यांवर आधारलेल्या प्रत्येक कायद्यात तो आकडा ठरावीक वर्षांनी तपासण्याची सक्ती असली पाहिजे.

केंद्राने 2021 साली आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांना दिला. राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नको, भाडे दोघांनी मिळून ठरवावे, वाद वेगळ्या प्राधिकरणाने लवकर सोडवावेत, असे त्याचे स्वरूप आहे. तो जुन्या भाडेकरारांना लागू होत नाही आणि स्वीकारायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचे आहे. महाराष्ट्राने या विषयावर निर्णय घेताना 1940 चा आकडा आठवावा आणि जुन्या चाळीतल्या विधवेला तसेच तिच्या मालकालाही समोर बसवून ऐकावे.

आणि वाचकहो, तुम्ही भाड्याने राहत असा किंवा घर भाड्याने देत असा, करार लेखी करा आणि त्याची नोंदणी करून घ्या. महाराष्ट्रात ती सक्तीची आहे आणि तिची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. कायदा आपल्या दोघांच्या मध्ये उभा राहायला तयार आहे, पण त्यासाठी त्याच्यापुढे कागद असावा लागतो.